शेवटच्या बाकावरून

मी कॉलेजात शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण तीस वर्षं फळे नि बाकं पुसली. कोण कसं शिकवतं, ते मला फडकं हातात घेतलं की कळायचं.

एका वर्षी गणिताच्या नव्या बाई आल्या. फार हुशार, पण अर्ध्या तासात मागची पोरं उठून जायची. प्राचार्यांनी बजावलं, "परीक्षेपर्यंत वर्ग टिकला नाही, तर दुसरी नोकरी बघा." बाई रिकाम्या वर्गात तोंड पाडून बसल्या होत्या.

मी म्हटलं, "बाई, जरा शेवटच्या बाकावर बसा."

"काका, गरिबाची चेष्टा करताय?"

"बसा तर खरं!"

मी खडू घेतला आणि त्या लिहायच्या तसंच, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं. "हं, वाचा."

बाईंनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली. खिडकीतलं ऊन नेमकं तिथंच चकाकत होतं. "अहो, काहीच दिसत नाही!"

"मग पोरांनी काय तुमची पाठ बघत बसायचं?"

बाई आधी लाल झाल्या, मग खो खो हसल्या. दुसऱ्या दिवसापासून उजवीकडे, मोठ्या अक्षरात लिहू लागल्या. पोरं टिकली, बाईही टिकल्या.

आता त्या प्राचार्य आहेत आणि मी घरी. पण दरवर्षी नवे सर आले की निरोप येतो, "काका, नाव लिहायला या." मी जातो. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. नवे सर मागे बसून डोळे बारीक करतात, आणि बाई दारात उभ्या राहून हसतात.