डबल बेल

तिसऱ्या किलोमीटरला धम्मदीपानं कानातला इयरफोन उपटला, दोन पावलं तशीच धावली आणि चरफडत परत कानात खुपसला. गाणं नुकतं कुठं रंगात आलं होतं, पाय ठेक्याला लागले होते, तेवढ्यात टण्णकन एक टोला वाजला आणि त्यामागून कानातच नवऱ्याचा आवाज.

"पानी घे. दोनच घोट. गटागटा पिऊ नको, पोटात दुखते."

पाण्याचं टेबल केव्हाच मागं पडलं होतं.

अनुप सतरा वर्षं याच रस्त्यावर एसटीचा कंडक्टर. घंटीचा एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं. मागच्या वर्षी वाशीमची ही एकवीस किलोमीटरची दौड दोघांनी जोडीनं केली होती. तो पुढं, ही मागं कुरकुरत. दिवाळीत त्याला हार्टचा झटका आला. अकोल्याला स्टेंट पडले आणि डॉक्टरांनी बजावलं, सपाटीवर अर्धा तास चालायचं, चढ नाही, एकट्यानं तर मुळीच नाही. त्यानं मान डोलावली. घरी आल्यावर तिनं तेच पुन्हा तीनदा वदवून घेतलं.

यंदा तिला धावायचंच नव्हतं. "तू धाव, अडीच तासाच्या आत ये, मी खुर्चीवर बसून पाहातो," म्हणत त्यानंच डोकं खाल्लं. तिचं एकच मागणं होतं: मोबाइलात चांगली धडाकेबाज गाणी भरून द्या. रजेवर रिकामा बसलेला माणूस. गाणी भरली, पण एक गाणं सलग ठेवेल तर शपथ! प्रत्येकाच्या पोटात स्वतःची सूचना, सूचनेआधी लोखंडावर तिकिटाच्या जुन्या पंचाचा एक टोला, आणि सूचना संपली की दोन. बरं, सगळा हिशेब तिच्या मागच्या वर्षीच्या वेगाचा. यंदा ती रागानं धावत होती, त्यामुळे प्रत्येक सूचना एसटीसारखीच उशिरा येत होती.

टण्ण.

"डाव्या हाताले गिरनी हाये. कुत्रं आंगावर येते, उजवीकडून जाय."

कुत्रं भुंकून, अंगावर येऊन, परत जाऊन बसलंही होतं.

"आता सांगून राह्यले!" ती मोठ्यानं ओरडली. शेजारून धावणारी कॉलेजातली मुलगी दचकून बाजूला झाली.

मग तिच्या ध्यानात आलं. आवाजामागं गिरणीचा पट्टा फटफटत होता. ते कुत्रंही भुंकत होतं. तिला वाटलं होतं, गड्यानं हे सगळं घरी खाटेवर पडून, डोळे मिटून सांगितलं असेल. रस्ता तोंडपाठ होता त्याला.

हा माणूस इथं आला होता. पायी.

गेल्या महिन्यात आठ दिवस तो रोज 'रजेचा कागद द्याले डेपोत' जात होता. कागद काही केल्या पुरा होईना, म्हणून तिनं डेपोतल्या साहेबाचा उभाआडवा उद्धार केला होता. अनुप तेव्हा खाली मान घालून जेवत होता.

आता तिला गाणी नकोशी झाली. गाणं थांबून त्याचा आवाज कधी येतो, याचीच ती वाट पाहू लागली. शब्द थोडे होते, मधे धाप जास्त होती. चढ अर्धा झाला तेव्हा कानात एक संथ कव्वाली सुरू होती, आणि टोला पडला.

"चढ लागला. इथं घाई... नाई करायची."

मग काहीच नाही. एक ट्रक गेला. कुणी म्हातारी बोलली, "काहून बसला भाऊ? पाह्य किती घाम आला. पानी देऊ?"

"नाई माय. बसतो जरा."

आणि गाणं सुरू झालं. ती दोन टोल्यांची वाट पाहत चढत राहिली. ते गाणं संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं. सकाळपासून हवी होती तशी गाणी आता सलग वाजत होती. चढाच्या माथ्यावर ती थांबली. धावणारे बाजूनं पुढं जात होते. तिनं फोन लावला.

"काय झालं? काहून थांबली?" अनुपच्या मागं, दौड संपते त्या मैदानावरचा भोंगा वाजत होता.

"चढावर बसले होते तुमी."

पलीकडं खुर्ची करकरली.

"डेपोतल्या त्या बिचाऱ्या साहेबाले आठ दिवस शिव्या देल्ल्या मी."

"मंग जीप भेटली ना. आलो ना घरी? तू धाव, टाइम जाऊन राह्यला."

"सिंगल देल्ली तुमी. डबल कुठी हाये?"

तो हळूच म्हणाला, "तिथून पुढं मले जाताच नाई आलं, दीपा."

तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तिनं बाहीनं तोंड पुसलं.

"आता द्या."

खुर्चीच्या लोखंडावर पंच वाजला. एकदा, आणि लगेच पुन्हा. ती पळू लागली. फोन तिनं बंद केला नाही, दंडावरच्या पिशवीत तसाच सरकवला.

"बोला," ती म्हणाली. "पुढं काय हाये?"

"उतार हाये," अनुप म्हणाला. "सांभाळून."

उतार समोरच होता.