सात तोळे सोडा

पुष्पाबाईंनी कढईतला सोडा उलथन्याने एकदा हलवला, स्टोव्ह विझवला आणि कढई ओल्या फडक्यावर टेकवली. शाळेच्या पटांगणात पन्नासेक माणसं मांडी घालून बसली होती. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या तपासनीस साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना चारच्या आत मेहकरला निघायचं होतं.

प्रयोग पाहून द्यायची परवानगी त्यांच्या सहीवर होती. ती मिळाली, तर जानेफळच्या शाळेत जूनपासून विज्ञानाचा वर्ग भरणार होता. नाही मिळाली, तर मुलं मेहकरला जातील आणि नऊ मुली घरी बसतील. त्या नवांची नावं बाईंना हजेरीपट न उघडता सांगता आली असती.

सोडा निवाल्यावर शंकरराव सोनारांनी आपला तराजू उचलून धरला. शाळेची ग्रॅमची वजनं अजून आली नव्हती.

"तोळे-मासे?" साहेबांनी विचारलं. "पुस्तकात तर ग्रॅम आहेत."

"दोन्ही वेळा एकाच वजनांनी तोललं, की शेकडेवारी तीच येते, साहेब," बाई म्हणाल्या. "खाण्याचा सोडा सात तोळे घेतला, म्हणजे चौऱ्याऐंशी मासे. तापला की त्यातून वाफ आणि वायू निघून जातो. हिशेबाप्रमाणे मागे त्रेपन्न मासे धुण्याचा सोडा उरायला हवा. त्यातला किती खरोखर हाती आला, तो आपला उतारा."

"चार तोळे आठ मासे," शंकररावांनी सांगितलं.

छप्पन्न. बाईंनी फळ्यावर भागाकार मांडला. उत्तराखाली रेघ मारायच्या आत शाळा समितीचे अध्यक्ष उकंडराव उभे राहिले.

"ऐका बे! शंभरातून एकशे पाच! आपल्या बाईंनी शंभराच्या वर काढले! मेहकरवाल्याईले जमलं का हे कधी?"

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. साहेबांनीही दोन टाळ्या वाजवल्या आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

बाईंच्या हातातला खडू मोडला. त्यांनी अर्धा तुकडा फळ्याच्या कडेवर नीट ठेवला.

"उकंडराव, हे चूक आहे."

"काऊन? कमी आलं का?"

"जास्त आलं. त्रेपन्नच्या वर एक मासाही येऊ शकत नाही. मी घाईत कढई लवकर उतरवली."

उकंडराव जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "माल जास्तीचा आला, कोनाचं काय गेलं? साहेब खुश हायेत, बाई. राहू द्या नं."

बाईंनी सोडा परत कढईत ओतला आणि स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली.

पटांगणात कुजबुज झाली. दाराशी घागर घेऊन उभ्या असलेल्या गोजरबाईंनी उकंडरावांकडे पाहिलं. त्या शाळेत पाणी भरत.

"पानी असन त्यात अजून, अध्यक्षसाहेब. लोनी कढवताना तडतड थांबली नाही तोवर कोनी तूप उतरवते का? उतरवलं, तं वजन भरते. पन तूप नाही होत ते."

"तुले काय समजते ह्यातलं?"

"तुमच्या घरचं लोनी मीच कढवतो नं."

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. बाईंनी गोजरबाईंकडून थंड पाण्याने भरलेला पितळी पेला मागून घेतला आणि सोड्याच्या वर धरला. पेल्याच्या बुडावर बारीक घाम आला; वाफ अजून निघत होती. बूड पुसून त्यांनी पेला पुन्हा धरला, पुन्हा घाम आला. चौथ्यांदा बूड कोरडं राहिलं.

तरी त्यांनी आणखी काही वेळ आच दिली. चार वाजून गेले होते. साहेबांची पिशवी अजून त्यांच्या मांडीवर होती.

"चार तोळे चार मासे," शंकरराव म्हणाले.

बावन्न. कुणीच टाळी वाजवली नाही. बाईंनी सोडा परत कढईत घालून दहा मिनिटं तापवला, निववला, पुन्हा तोलायला दिला.

"तेच. चार तोळे चार."

"वजन हललं नाही. आता झाला," बाई म्हणाल्या. त्यांनी फळ्यावरचा आधीचा आकडा पुसला आणि त्या जागी अठ्ठ्याण्णव लिहिलं. उकंडराव मान खाली घालून बसले होते.

साहेब फळ्यापाशी आले. "एक मासा कमी आहे, बाई."

"थोडा कढईला चिकटलाय, थोडा सांडला. तेवढं माझं चुकलं."

साहेबांनी शेरेबुक मागितलं. टेबलावर वाकून चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली आणि वही बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती वाचली. मग पदराने कपाळ टिपून त्यांनी ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

"म्हनजे वर्ग भेटला?" उकंडराव उठले. "साहेब, एकशे पाचले तुमी पिशवी उचलली, अन् अठ्ठ्याण्णवले सही?"

"एकशे पाचला मी सही न करताच निघालो होतो, उकंडराव."

उकंडरावांनी फळ्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग पटांगणाकडे वळले आणि त्यांनी मघापेक्षा मोठा आवाज लावला.

"अठ्ठ्याण्णव! ऐकलं का बे? अठ्ठ्याण्णव! अन् त्याच्यावर एक बी नाही!"

पहिली टाळी गोजरबाईंनी वाजवली.