बंदच नेलेला खोका

मित्रांनो, मी एक जुनी टेलिफोनची केबिन आहे. केबिन म्हणजे काय, असे तुमच्यातले काही जण नक्की विचारतील. एक माणूस उभा राहील एवढी काचेची खोली, आत फोन आणि वर छोटा पंखा. दार लावले की आतले बोलणे बाहेर जात नसे. एके काळी माझ्यासमोर लोक रांग लावायचे. आता कोणी ढुंकूनही पाहत नाही, म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते.

माझा जन्म १९९९ सालचा, गोंदियाचा. एका सुताराने सनमायका, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि काचा जोडून मला घडवले. दाराला त्याने सगळीकडून रबराची पट्टी ठोकली होती आणि त्या पट्टीचा त्याला भारी अभिमान होता. टेम्पोत आडवी पडून, अंगावर गोणपाट घेऊन मी नवेगाव बांध या गावी आले. केशोरावांनी बसस्टँडजवळच्या आपल्या दुकानात मला उभे केले, नारळ फोडला, काचेला हळदीकुंकू लावले. तेवढा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

कामाचे दिवस मात्र मोठे छान होते. हैदराबादला कामावर गेलेल्या मुलाशी आई बोलायची. एखादी सून माहेरी फोन लावून पोटभर रडायची आणि डोळे पुसून हसत बाहेर पडायची. दार लागले की केशोराव रस्त्याकडे तोंड करून बसत. भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर नुसते कानच होते, तोंड नव्हते. म्हणून तर लोक माझ्यात येत. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि गावातल्या अशा कितीतरी मुठी माझ्याजवळ होत्या.

त्या काळात ताराचंद यांची मुलगी अल्का माझ्याकडे यायची. ताराचंद धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या शेतात, राबायचे आणि अल्काचा भाऊ बाहेरगावी कामाला होता. अल्का दार दोनदा ओढून घट्ट लागले की नाही ते पाहायची, मग रिसीव्हर डाव्या कानावर दाबून धरायची. तिला कमी ऐकू येत होते. उजव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, डाव्याने थोडेसे. रस्त्यावरच्या गोंगाटात ती लोकांचे ओठ पाहून समजून घ्यायची आणि सगळे हसले की अंमळ उशिरा हसायची. माझ्या आत मात्र बाहेरचा आवाज नसल्याने तिला भावाचा शब्द न् शब्द कळायचा. ती हुशार होती. कमी ऐकू येते हे घरच्यांनाही पुरते कळू न देता शिकली आणि पुढे केवलरामजींच्या खाजगी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवू लागली. गाव तिला अल्का मॅडम म्हणू लागले.

मग मोबाइल आले आणि रांग आटली. जी गोष्ट सांगायला लोक माझे दार लावून घ्यायचे, तीच आता रस्त्याच्या मधोमध उभे राहून मोठ्याने सांगू लागले. मला खूप वाईट वाटले. माझा फोन काढून नेला, पंखा बंद पडला. माझ्यात झाडू आणि रिकाम्या बाटल्या ठेवल्या जाऊ लागल्या.

केशोरावांचा मुलगा भुपेंद्र याने दुकानात कॉम्प्युटर आणला. आधी फॉर्म भरणे, निकाल काढणे चालायचे. पुढे ऑनलाइन खरेदी आली. गावात कोणाजवळ कार्ड होते, कोणाजवळ नव्हते आणि बहुतेकांना ती खटपट नकोच होती. म्हणून भुपेंद्र साऱ्या गावाचे सामान आपल्या एकाच खात्यावरून मागवायचा. गोंदियाच्या बाजारात न मिळणाऱ्या वस्तूसुद्धा घरपोच यायच्या, आणि त्याही स्वस्तात. खोके ठेवायला जागा हवी होती, ती माझ्यात सापडली. मी गोदाम झाले.

खोका आला की तो काउंटरवरच फोडायचा, अशी गावाची रीत पडली. कोणी तसा नियम केला नव्हता. सगळ्यांना हौस होती. कोणाचा कुकर, कोणाची टॉर्च, कोणाचे एक नंबर लहान निघालेले बूट, सारे मिळून पाहायचे, चिडवायचे, भाव विचारायचे. खरे सांगते, मलाही ते आवडायचे. त्या निमित्ताने लोकांची नजर माझ्याकडे वळायची.

एका दुपारी दुकानात कोणी नसताना अल्का मॅडम आल्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी कानात घालायचे यंत्र सांगितले होते. ते मागवून दे, पण कोणाला कळू देऊ नको, असे त्यांनी भुपेंद्रला विनवले. शाळेची नोकरी दरवर्षी जूनमध्ये नव्याने मिळायची. मॅडमना ऐकू येत नाही असे एकदा पसरले की केवलरामजी वर्ग काढून घेतील, ही त्यांना धास्ती होती. भुपेंद्र चांगला मुलगा. त्याने शब्द दिला आणि शेवटपर्यंत पाळलाही.

खोका आला तेव्हा मॅडमनी तो काउंटरवर फोडू दिला नाही. त्या माझ्यात शिरल्या, खोके सरकवले, दार ओढले. यंत्र कानात घालून वरून केस घेतले. बाहेर पडताना माझे दार करकरले आणि त्या दचकल्या. मग हसल्या. पुन्हा दार लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. माझ्या दाराची करकर कोणाला आवडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. खोका पुन्हा बंद करून, पिशवीत घालून त्या निघून गेल्या. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

पण मित्रांनो, कॉम्प्युटर माझ्यासारखा नाही. त्याला कानही आहेत आणि तोंडही. एकदा काही घेतले की तो ते लक्षात ठेवतो आणि तसलेच सामान पुन्हा पुन्हा समोर आणतो. खाते एकच, त्यामुळे मॅडमनी घेतलेल्या वस्तूची जाहिरात साऱ्या गावाला दिसू लागली. आणि फॉर्ममधले नाव बरोबर आहे की नाही हे गिऱ्हाइकाला पाहता यावे म्हणून भुपेंद्रने पडदा काउंटरकडे वळवून ठेवला होता.

केवलरामजी नातवासाठी सायकल पाहायला आले. सायकलीच्या शेजारी कानाचे यंत्र आणि त्याच्या बारक्या बॅटऱ्या झळकल्या.

“भुपेंद्र, कान गेले का रे तुझे?” ते म्हणाले. “कायले मशीन पाहून राहिला?”

लोक हसले. भुपेंद्र गडबडला आणि बाबांसाठी पाहत होतो म्हणाला. केशोराव तिथेच बाकावर पेपर वाचत बसले होते. त्यांना ते लागले.

“मले त चांगलं ऐकू येते. माझं नाव कायले घेऊन राहिला?”

आता सगळ्यांना गंमत वाटली. मग मशीन कोणाची? एकेकाचे नाव निघू लागले. शेजारी भाजीचे दुकान लावणाऱ्या धुरपताबाई मनाने भोळ्या. त्यांच्या पोटात काही पाप नव्हते.

“त्या दिवशी मॅडमनं खोका बंदच नेला ना,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांना ते आठवले. साऱ्यांचे खोके उघडले गेले होते, बंद गेलेला एकच होता. जिथे सगळे दाखवतात, तिथे झाकणारा लगेच सापडतो. माझ्यात ताकद असती तर मी त्या वेळी धाडकन दार आपटून सगळ्यांचे लक्ष वळवले असते.

कोणी मॅडमचा राग केला नाही, उलट गाव मायाळू झाले. आणि तेच वाईट झाले. जो तो त्यांच्याशी ओरडून बोलू लागला. रस्त्याच्या पलीकडून हाक, जेवण झाले का म्हणून हाक, वर्गात पोरांचा एकसुरात ओरडा. यंत्र लावलेल्या कानात तो आवाज दुप्पट व्हायचा आणि मॅडम अंग चोरून घ्यायच्या. जून आला. लहान मुलांची जबाबदारी आहे, तुम्ही आता आराम करा, असे केवलरामजींनी शाळेच्या व्हरांड्यात त्यांना सांगितले. तेही इतक्या मोठ्याने, की बसस्टँडपर्यंत ऐकू आले. वर्ग केवलरामजींच्या नीतू नावाच्या पुतणीला मिळाला.

त्यानंतर मॅडम एकदाच दुकानात आल्या. तोवर भुपेंद्रने पडदा भिंतीकडे फिरवला होता, खात्यातले जुने सारे पुसले होते. तो ते पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मॅडमनी यंत्राची पेटी काउंटरवर ठेवली आणि ही परत जाईल का, असे विचारले. परत करायची मुदत कधीच संपून गेली होती.

“पण काऊन मॅडम? त्यानं ऐकू येते ना?”

“येते ना भाऊ. सारे ओरडून बोलतात, तेच ऐकू येते.”

मॅडमनी पेटी भुपेंद्रकडे सरकवली.

“सारे विचारतात, लपवलं काऊन. मी काही चोरी नव्हती केली, भाऊ. माझं होतं, म्हणून झाकलं होतं.”

कोणाला लागली तर देऊन टाक, असे सांगून त्या गेल्या. भुपेंद्रने पेटी माझ्यात ठेवली. पूर्वी जिथे फोन होता, त्या फळीवर ती आहे. ती कोणी नेत नाही, कारण ती कोणाची हे सगळ्यांना माहीत आहे. मॅडम पुन्हा पूर्वीसारख्या लोकांचे ओठ पाहतात आणि उशिरा हसतात. आम्ही दोघी एकाच गावात आहोत आणि दोघीही एकट्या.

मित्रांनो, तुम्ही खूप काही घ्याल, खूप काही पाहाल. मी तुम्हाला अडवणारी कोण? फक्त कोणी आपला खोका बंदच नेला, तर तो का नेला असे विचारू नका. आणि कधी नवेगावला आलात, रस्त्यात अल्का मॅडम भेटल्या, तर लांबून ओरडू नका. जवळ जा आणि हळू बोला. चार माणसे तशी बोलू लागली, तर कदाचित मॅडम पेटी न्यायला येतील. तोवर मी ती सांभाळते आहे.