हिरूच्या मिशीचं गाणं

सकाळी कामाला निघताना कमळीचा कोयता खुंटीला नव्हता. गंजाड गावाकडे गवतकापणी ऐन भरात आली होती आणि त्या दिवसांत बाईचा कोयता हरवला की त्या दिवसाची मजुरी बुडालीच. शोधत ती पाड्यामागच्या खडकावर गेली. तिथे तिचा सोळा वर्षांचा रवींद्र मित्राच्या मोबाइलसमोर तोच कोयता गरगर फिरवत होता. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात पिवळी साखळी आणि तोंडाने शिव्यांचं गाणं.

"हे काय रं?"

"रॅप हाय, आये. गँगवाले असंच गातात. झरीच्या मुकेशनं माझ्यावर गाणं टाकलं, मला भित्रा म्हणला. त्याला उत्तर देतो."

मुकेश म्हणजे कमळीच्या सख्ख्या भावाचा, हिरूचा मुलगा. दोघं पोरं तलासरीच्या कॉलेजात अकरावीला, एकाच बाकावर बसणारी. कमळीला हसूच आलं. लग्नाच्या मांडवात दोन्हीकडच्या बायका गाण्यातून एकमेकांचे वाभाडे काढतात, नवऱ्याला बेडूक म्हणतात, व्याह्याला भोपळा म्हणतात आणि मग एकाच पंगतीत जेवायला बसतात. या गाण्यांत कमळीचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पोरांचा खेळही तसलाच असणार, असं तिला वाटलं आणि तिथेच ती चुकली.

"एवढंच येतं व्हय तुला? हे घे," ती म्हणाली आणि भावावर एका लग्नात रचलेली ओळ तिने पोराला देऊन टाकली:

"हिरूदादाच्या मिशीला पीळ, बायको ओरडली की शोधतो बीळ."

मांडवात ही ओळ ऐकून हिरू स्वतः डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला होता. मोबाइलवर मात्र ना मांडव होता ना पंगत. दोन दिवसांत गाणं सगळ्या तालुक्यात फिरलं. कुठकुठल्या अनोळखी लोकांनी गाण्याखाली मुकेशला लिहिलं, 'बापाची इज्जत गेली, आता कोयता उचल.' मुकेशने कोयता घेऊन उत्तर टाकलं. मग रवींद्रने. ज्या गायकांना ही पोरं गुरू मानत होती ते भाड्याच्या गाडीवर बसून, खोटी पिस्तुलं नाचवून घरी जेवायला जात असतील. पण माघार घेणारा मर्द नव्हे, हे त्यांचं बोलणं पोरांनी खरं धरलं. शेवटी बाजाराच्या दिवशी तलासरीला समोरासमोर यायचं ठरलं. ते कोणी ठरवलं, हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

रवींद्रचं जेवण सुटलं. भाकरी तशीच ठेवून तो मोबाइलकडे बघत बसायचा.

"पुसून टाक ते गाणं," कमळी म्हणाली. "मामाच्या पाया पड."

"लोकांनी उतरवून घेतलंय, आये. पुसून काय होतंय?" त्याने मोबाइल पालथा ठेवला. मग हळूच म्हणाला, "मला नाय जायचं."

"मग नको जाऊस."

"मुकेशलापण नाय यायचं. त्यानंच फोनवर सांगितलं. पण तो येणार."

दोन पोरांना लढायचं नव्हतं आणि त्यांना माघारी फिरायला वाट कुठेच नव्हती. कमळीने कोयता भाताच्या कणगीत खोल पुरला आणि बाजाराच्या दिवशी सकाळीच झरीला भावाकडे धाव घेतली. पण घरातल्या लपवायच्या जागा पोराला आईपेक्षा जास्त ठाऊक असतात.

ती हिरूच्या ओट्यावर बसून सगळं सांगत होती तेवढ्यात निरोप आला. बाजारात लोकांनी पोरांभोवती कडं केलं होतं ते सोडवायला नव्हे, शूटिंग काढायला. मुकेशच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. कोयता कमळीचा होता.

हिरूने हातातला चहा खाली ठेवला. "ओळ चांगली होती, कमळे," तो म्हणाला. "मी हसलो होतो ना तवा?"

रवींद्र सुधारगृहात आहे. मुकेश डाव्या हाताने लिहायला शिकतो आहे. वैशाखात पाड्यावर लग्न निघालं तेव्हा बायकांनी कमळीला ओढत मांडवात नेलं. ती तोंड उघडणार तोच पोरींनी मोबाइल वर केले. कमळीने शेजारचं सूप उचललं.

"आधी ते हितं टाका. मांडवातली शिवी मांडवातच जिरली पायजे."

पोरी कुरकुरल्या. शेवटचा मोबाइल पडेपर्यंत ती सूप मांडीवर घेऊन बसून राहिली, मगच गायली. हिरूच्या मिशीची ओळ तिने गाळली. तेव्हापासून ती जिथे गायला जाते तिथे सूप आधी फिरतं.

ते जुनं गाणं मात्र अजून मोबाइलवर फिरतं आहे. तुमच्याही घरात एखाद्या मुलाने ते ऐकलं असेल. त्या मुलाला आज जवळ बसवून एवढंच विचारा, बाबा रे, त्याच्या खाली तू काय लिहिलंस?