वैजनाथमामांचा दम

“हिला झोप लागत न्हाई, मॅडम. रातभर कूस बदलती,” वैजनाथमामा म्हणाले.

डॉ. प्रियदर्शनी वाघमारे कस्तुराबाईंची नाडी बघत होत्या. हात तसाच धरून त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं कळतं, मामा? तुम्हीही जागेच असता का?”

मामा हसले. “मी तर वसरीवर भिंतीला टेकून असतो. आडवं झालं की छाती दाटून येती. वय झालं, दुसरं काय!”

डॉक्टरांनी कस्तुराबाईंचा हात हळूच खाली ठेवला.

हे जोडपं बऱ्याच वर्षांपासून चाकूरच्या त्यांच्या दवाखान्यात येत होतं. कस्तुराबाईंना साखर आणि बीपी. मामा जवळच्याच गावचे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीवरचं ‘एम.डी. मेडिसिन’ वाचून विचारलं होतं, “मॅडम, तुम्ही हार्टच्या डॉक्टर का किडनीच्या?”

“मी मोठ्या माणसांची डॉक्टर,” लेकरांची नव्हे, अशा अर्थानं त्या म्हणाल्या होत्या.

“मग आम्ही चुकून आलोत की! आम्ही कुठली मोठी माणसं!”

तेव्हा कस्तुराबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. तो प्रश्न प्रियदर्शनींना सगळेच विचारायचे. त्यांच्याबरोबर शिकलेलं कुणी लातुरात हृदयाचं बघत होतं, कुणी मेंदूचं. एका अवयवाचं नाव घेतलं की लोकांना डॉक्टर पटकन कळतो. प्रियदर्शनींकडे मात्र माणूस आपलं सगळं गाठोडंच घेऊन यायचा आणि त्यातलं नेमकं काय दुखतंय ते त्यालाही ठाऊक नसायचं.

“लग्नसराई जोरात असेल ना, मामा?”

“हाव, जोरात. पण मी आता झांज वाजवायलोय.”

“आणि क्लॅरिनेट?”

“पोरं वाजवितेत. मला दम पुरत न्हाई. सूर धरला की मधीच तुटतो.”

“या, इथं टेबलावर पडा.”

“मी? पेशंट तर ही हाय.”

“आज दोघं आहात.”

मामा आडवे झाले आणि लगेच कोपरावर उठले. डॉक्टरांनी त्यांच्या घोट्याजवळ बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. मानेची शीर फुगलेली होती. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर श्वासाबरोबर करकर ऐकू येत होती. बीपी त्यांनी परत एकदा मोजलं.

“याआधी कधी मोजलं होतं?”

“कशाला? मला काय झालतं?”

“मी म्हणत व्हते,” कस्तुराबाई पहिल्यांदाच बोलल्या. “तर म्हणायचे, दवाखाना तुझा हाय.”

दुसऱ्या दिवशी मामा लातूरला गेले. बीपीकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. हृदय मोठं झालं होतं, थकलं होतं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून औषधं लिहून दिली आणि सांगितलं, ऑपरेशनचं काही नाही, पण क्लॅरिनेट बंद. बाकी तुमच्या चाकूरच्या मॅडम बघतील.

मॅडम बघत राहिल्या. लघवीच्या गोळीनं अशक्तपणा आला तेव्हा ती कमी केली. मूत्रपिंडांवर ताण येतोय का, ते रक्त तपासून बघितलं. लोणच्यावरून मामांशी भांडल्या. पायांची सूज उतरली आणि मामा घरात येऊन आडवे झोपू लागले.

उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं, पुनमचं लग्न ठरलं. तेव्हा मामा एकटेच आले.

“एक विचारायचं व्हतं. लातूरला विचारलं तर सरळ न्हाई म्हणले. तिथं गर्दी लई, जास्ती बोलता येत न्हाई.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “दुनियेच्या लेकी मी वाजवून सासरी धाडल्या, मॅडम. माझ्या लेकीच्या लग्नात झांज घेऊन उभं ऱ्हावं का?”

प्रियदर्शनींनी त्यांना टेबलावर झोपवलं, छाती ऐकली, पाय बघितले, वजन केलं. मग त्यांच्यासमोरच लातूरला फोन लावला.

“मी ‘वाजवा’ असं म्हणणार नाही,” पलीकडचे डॉक्टर म्हणाले; ते त्यांच्याबरोबरच शिकलेले. “त्याचं हृदय कसं आहे ते मी सांगितलंय. माणूस कसा आहे ते तू जास्त बघतेस. तू ठरव.”

त्यांनी फोन ठेवला. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटल्यावर कुणी काही विचारलं नसतं.

“मामा, धोका आहे. तो मी लपवणार नाही. पण वाजवायचंच असेल, तर एकच गाणं. खुर्चीवर बसून. दम लागला की तिथंच थांबायचं. गाणं अर्धं राहिलं तरी.”

“अर्धं?”

“अर्धं.”

मामांनी मान हलवली. “बरं.”

लग्नाला त्या गेल्या. निरोपाच्या वेळी मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर मामा बसले होते, नवा फेटा बांधून. त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि पहिला सूर इतका लांब धरला की प्रियदर्शनींचाच श्वास अडकला. पुनम एक पाय गाडीत ठेवून तशीच उभी राहिली. दुसरं कडवं संपताना मामांनी आपणहून वाद्य खाली घेतलं. मागच्या पोरानं सूर उचलला, गाणं पुढं गेलं. मामांनी चेहरा पुसला, गर्दीत डॉक्टरांना शोधलं आणि हात वर करून खुणावलं, ठीक हाय.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका पहाटे मामा झोपेतच गेले.

कस्तुराबाई आपल्या ठरल्या तारखेला एकट्याच आल्या. नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. त्या आत आल्यावर प्रियदर्शनींनी खुर्ची पुढं ओढून दिली.

“मावशी...”

“एक विचारते. खरं सांगा. त्या दिशी वाजविलं म्हणून गेले का ओ? भावकीतले म्हणायलेत, डॉक्टरीणबाईनं हाव म्हणलं म्हणून झालं.”

प्रियदर्शनींनी हा प्रश्न स्वतःलाही विचारला होता.

“हाव मीच म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण त्यामुळं गेले नाहीत. लग्नानंतर ते दर महिन्याला इथं आले. छाती साफ होती, पायांना सूज नव्हती. हृदय फार आधीच थकलेलं होतं, मावशी. ते कधीतरी थांबणारच होतं.”

कस्तुराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शब्द खरे आहेत का ते चाचपून बघावं तसं. मग त्यांनी डोळे पुसले.

“मग बरं झालं वाजविलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी रिकाम्या मनगटावरून पदर मागं सारला आणि हात टेबलावर ठेवला.

“घ्या. माझं बीपी बघा.”