पवनचक्क्यांची राखण करणारी होडी

मी एक जुनी लाकडी होडी आहे. सध्या किनाऱ्यावर दोन ओंडक्यांना टेकून पडलेली असते. मित्रांनो, आता माझा रंग ओळखू येत नाही, पण एकेकाळी मी निळी होते.

सुतारांनी माझ्या फटींत कापूस ठोकून भरला, वर तेल चोपडलं आणि मला पाण्यात सोडलं. पुढे कितीतरी वर्षं मी मासे आणले. मग आमच्या समुद्रात पवनचक्क्या उभारायचं ठरलं. तळात अजस्र खांब रोवले गेले, तारा अंथरल्या गेल्या आणि तिथे जाळी टाकायला बंदी आली. माझा मालक संतापला. त्यात त्याची मुलगी त्याच कामावर लागली, खांबावर चढून पात्यांचे बोल्ट आवळायला. मालकाने तिच्याशी बोलणंच टाकलं. जेवताना तो बायकोला म्हणे, "तिला सांग, मीठ दे म्हणावं." माझ्यात बसून जाळी विणताना मालकीण हे हसत हसत सांगायची, आणि मग सुतळीची गाठ जास्तच जोरात आवळायची.

पण पोट थोडंच थांबतं? अखेर मालकानेही राखणीचं काम घेतलं. इतर होड्या तारांजवळ येऊ नयेत म्हणून आम्ही दोघं खांबांभोवती घिरट्या घालायचो.

एका दुपारी वारा अचानक फिरला. कामगारांना न्यायला येणारी मोठी बोट वाटेतच बंद पडली. एका खांबाच्या पायथ्याशी मुलगी आणि तिचे दोन सोबती अडकले. लाटा त्यांच्या पायांना लागू लागल्या. वायरलेसवर हाक आली तेव्हा सगळ्यांत जवळ आम्हीच होतो.

मालकाने माझं नाक खांबाच्या शिडीला टेकवलं आणि इंजिनाच्या जोरावर मला तिथेच दाबून धरलं. माझी एक फळी तडकली. मुलीने आधी सोबत्यांना उतरवलं. मग ती शिडीवर आली, आणि नेमकं तेव्हाच लाटेने मला खाली ओढलं. तिचा पाय अधांतरी राहिला.

मालकीण तिथे नव्हती. निरोप कुणाकरवी धाडणार?

"घाई करू नकोस, बाळा," मालक म्हणाला. "मी होडी वर आणतो. मी म्हटलं की पाय टाक."

पुढच्या लाटेने मला उचललं. तो "टाक" म्हणाला आणि ती माझ्यात उतरली.

आम्ही किनाऱ्याकडे वळलो. मालकाने आपला कोरडा सदरा तिच्या खांद्यांवर टाकला. मग समोर बघतच त्याने विचारलं, "वरून आपलं घर दिसतं का गं?"

"दिसतं, बाबा. आई कपडे वाळत घालते, तेही दिसतं."

पुढे चक्क्या फिरू लागल्या, घराघरांत त्यांची वीज आली. राखणीला नवी लोखंडी बोट आली. गावाने माझं कौतुक केलं, मग मला किनाऱ्यावर ओढून ठेवलं आणि विसरून गेलं. उन्हाने माझ्या फटी उघडल्या. मालकाचे गुडघेही थकले.

हल्ली सुट्टीच्या दिवशी मुलगी येते. माझ्यावर बादल्या ओतते, फटींत नवा कापूस ठोकते. बाप शेजारी बसून तिच्या चुका काढतो.

मित्रांनो, लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि बारीक फटी मिटतात. अशी एखादी जुनी होडी उन्हात पडलेली दिसली, तर तिच्यावर बादलीभर पाणी ओता. एवढंच माझं मागणं.

मुलगी म्हणते, मला लवकरच पुन्हा समुद्रात लोटायचं. बाबांना तिच्या चक्क्या जवळून बघायच्या आहेत, आणि त्या लोखंडी बोटीत ते काही बसणार नाहीत म्हणे.