तेलात उमटलेला हात

मी एक जुना बॉल आहे, मित्रांनो, आणि आजवर एकदाही घरंगळलेलो नाही. हसू नका. बॉलिंगचा बॉल असून मी लेन पाहिलेली नाही, की साधी एक पिन पाडलेली नाही. शिवाय माझ्या अंगावर नुसती भोकंच भोकं. दुकानात येणारी लहान मुलं मला पाहून हमखास विचारतात, "याला उंदरांनी खाल्लंय का?" आधी मला राग यायचा. आता मीही मनातल्या मनात हसतो.

मी मापाचा बॉल आहे. बुटांच्या दुकानात पाऊल मोजायची पट्टी असते ना, तसंच माझं काम. कोणाचं बोट कोणत्या भोकात बसतं आणि अंगठा कुठवर पोचतो, हे माझ्या अंगावर पाहून ठरवायचं आणि मग खऱ्या बॉलला भोकं पाडायची. जन्माला आलो तेव्हा मीही खराच बॉल व्हायचा होतो. पण बॉलच्या पोटात एक जड गाभा असतो, तो माझ्या पोटात ओततानाच चुकून फार तिरका बसला. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला फिरवून पाहिलं, मान हलवली आणि बाजूला काढलं. माझे जोडीदार चकचकीत खोक्यांत बसून जगात गेले. मला बारीकपासून जाडपर्यंत सगळ्या मापांची भोकं पाडली आणि प्रत्येकाशेजारी आकडा कोरला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तिथून मी आलो गिरमिटकाकांकडे. हे त्यांचं खरं नाव नव्हे. दिवसभर ड्रिल मशीनवर भोकं पाडतात म्हणून खेळाडूंनी ठेवलेलं नाव, पण आता त्यांची सख्खी बहीणसुद्धा चिडवायला तेच वापरते. ही बहीण बॉलिंगच्या हॉलमध्ये भाड्याचे बूट देते. तिचं काउंटर आणि काकांची चिंचोळी खोली यांच्यात एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून दोघं दिवसभर भांडतात. खोलीच्या दुसऱ्या भिंतीपलीकडे लेन आहेत, बॉल घरंगळत पिनांकडे जातो त्या लांब वाटा. मला त्या दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. आधी बॉलची घरघर, मग क्षणभर काहीच नाही, मग धडाड्! त्या मधल्या क्षणात काय होतं, याचं मला पहिल्या दिवसापासून कुतूहल आहे.

म्हणून मी हातांवरून अंदाज बांधायला शिकलो. बेकरीवाल्याचा अंगठा संध्याकाळी सकाळपेक्षा जाड असतो. दात काढणाऱ्या डॉक्टरीणबाई बोटं इतक्या हळूच घालतात की मलाच तोंड उघडावंसं वाटतं. बसड्रायव्हर मात्र मला गिअरसारखा धरतो.

पण नुसतं माप घेऊन भागत नाही. काका प्रत्येकाला विचारतात, "तुम्ही टाकता कसे?" उत्तर ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "बरं, आता तुमचा जुना बॉल दाखवा." कारण लेनवर तेल पसरलेलं असतं, आणि बॉल त्यावरून फिरत जातो तेव्हा त्याच्या अंगावर तेलाच्या गोल रेघा उमटतात. पृथ्वीच्या गोलाला जसा ध्रुव असतो तसा फिरत्या बॉललाही असतो. त्या रेघांवरून काका पांढऱ्या पेन्सिलीने तो ध्रुव शोधतात. नव्या बॉलवर एक रंगीत ठिपका असतो. पोटातल्या गाभ्याचं डोकं कुठे आहे, ते तो ठिपका सांगतो. आता भोकं अशी पाडायची की ठिपका ध्रुवापासून हवा तितका लांब किंवा जवळ येईल. त्यावर बॉल लवकर वळणार की उशिरा, हे बरंचसं ठरतं. बसड्रायव्हरचा बॉल सुसाट जातो, त्याला वळायला सवडच मिळत नाही. त्याला लवकर वळणारी आखणी. डॉक्टरीणबाई हळू टाकतात पण गिरकी भरपूर देतात. त्यांचा बॉल आधीच वळायला उतावीळ, त्याला शांत ठेवणारी आखणी. बॉल तोच, ठिपका तोच, पण भोकं दोन बोटं इकडची तिकडे झाली की त्याचा स्वभाव बदलतो. मला याचं अजूनही नवल वाटतं.

आता ज्या हातासाठी हे सगळं सांगतोय, त्या हाताकडे वळतो.

काकांना एकच मुलगी. लहानपणापासून तिच्या पायाला भिंगरी, म्हणून काकांनी तिला भिंगरीच म्हणायला सुरुवात केली. तिची बोटं माझ्या सगळ्यात बारीक भोकात हलायची तेव्हापासून मी तिला ओळखतो. बोटं वाढली की काका तिच्या बॉलची भोकं बुजवायचे आणि नवी पाडायचे. टाकायला त्यांनीच शिकवलं: खांदा सरळ, मनगट ताठ, बॉल सरळ रेषेत. येईल त्या गिऱ्हाईकाला ते सांगायचे, "पोरीचा हात बघा. अगदी माझ्यासारखा." गिऱ्हाईक मान डोलवायचं, कारण न डोलवून सांगतं कोणाला.

यंदा तिची संघाच्या निवडीची वेळ आली. नेमबाजी असो की बॉलिंग, अशा संधीसाठी पोरं जिवाचं रान करतात. भिंगरीनेही केलं होतं. काकांनी तिच्यासाठी गडद निळा नवा बॉल मागवला आणि निवडीच्या आठवडाभर आधी तिला मापाला बोलावलं.

तिने बोटं घातली ती थेट, पक्की. पण अंगठा? अंगठा माझ्या भोकाच्या तोंडाशी टेकला आणि तिथेच घुटमळला, निघायच्या घाईतल्या पाहुण्यासारखा. मला खटकलं. काकांना नाही. ते मापं तोंडपाठ असल्यासारखे गुणगुणत होते.

"बाबा," भिंगरी म्हणाली.

"बोल."

"काही नाही."

खिडकीपलीकडे आत्या उगाचच खोकली.

मग काकांनी तिचा जुना बॉल उजेडात धरला आणि गुणगुणणं थांबलं. भिंगरीच्या बॉलवर नेहमी एक नीट, जाड पट्टा असायचा. आज तिथे बऱ्याच रेघा होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या, आणि त्याही भलत्याच जागी.

"तुझा बॉल कोणाला दिला होतास?"

"कोणालाच नाही."

"मला शिकवतेस? हा तुझा हात नाही. हा कुणातरी दांडगोबाचा हात आहे. एवढी गिरकी! जीव ओतून केलेला बॉल तू वाटत सुटलीस होय गं?"

त्यांना खरंच लागलं होतं. त्यांनी फडकं घेतलं आणि खसाखसा सगळ्या रेघा पुसून टाकल्या. मग नव्या बॉलवर पेन्सिलीने जुनीच आखणी उतरवली, सरळ, कमी गिरकीच्या हातासाठीची, लवकर वळणारी. बॉल मशीनमध्ये आवळला.

मित्रांनो, तो घुटमळणारा अंगठा आठवून माझ्या सगळं लक्षात आलं होतं. हा दांडगट हात भिंगरीचाच होता. तिच्या आताच्या टाकण्याला ही आखणी दिली असती, तर बॉल अर्ध्या वाटेतच वळून पिनांना बगल देऊन गेला असता, आणि त्याबरोबर तिची निवडही. मला हे सगळं कळत होतं, पण मापाच्या बॉलला ओरडता येत नाही. मशीन सुरू झालं. ड्रिल खाली येऊ लागलं.

भिंगरीने पुढे होऊन मशीनचं बटण बंद केलं.

"बाबा, त्या रेघा माझ्याच आहेत. मी दोन हातांनी टाकते. अंगठा घालतच नाही."

"दोन हातांनी? दोन हातांनी कपाट हलवतात! बॉल टाकत नाहीत."

"एकदा अंगठ्याला फोड आला होता. सराव तर करायचा होता, म्हणून म्हटलं, अंगठा न घालता बघूया काय होतं ते. डावा हात बॉलवरच ठेवला. बाबा, तो शेवटी असा वळला ना, की मी एकटीच हसत सुटले. मग रोज तसंच टाकायला लागले."

"आणि मी शिकवलं ते?"

"ते येतंय मला. पण ते तुमचं आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुम्ही सगळ्यांना सांगत असता, पोरीचा हात अगदी माझ्यासारखा. सांगताना किती खूश असता!"

"दादा," आत्या खिडकीतून म्हणाली, "मला माहीत होतं हं. चांगली टाकते पोर."

"म्हणजे घरातच फितुरी," काका म्हणाले, मशीनमधून बॉल काढून माझ्या शेजारी ठेवला आणि बाहेर निघून गेले. भिंगरीने डोळे पुसले. मला तिचा हात धरावासा वाटला, पण माझं तर सगळं उलटं. लोकच मला धरतात.

पुढचे दोन-तीन दिवस काकांच्या तोंडाला कुलूप. जेवणाचा डबा आत्या खिडकीतून आत सरकवायची आणि रिकामा तसाच बाहेर यायचा. निळा बॉल तसाच, भोकं न पाडलेला, माझ्या शेजारी. निवड जवळ येत होती. भिंगरी रोज दारात उभी राहायची आणि निघून जायची. ती नव्या बॉलशिवाय गेली असती तर जुन्याच बॉलवर खेळावं लागलं असतं, आणि तो तिच्या नव्या हाताशी मुळीच जमवून घेत नव्हता.

मग एका दुपारी ती आपला जुना बॉल विसरून गेली. विसरली की मुद्दाम ठेवला, ते मी सांगू शकत नाही, विचारणार कोणाला? त्यावर ताज्या रेघा होत्या. काका दोनदा त्याच्या बाजूने गेले, न बघितल्यासारखं करून. तिसऱ्यांदा थांबले. उचलला. उजेडात फिरवला. "रेघांमधलं अंतर तर सगळीकडे सारखंय," ते पुटपुटले. पेन्सिल घेतली, पट्टी घेतली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. "अरेच्चा! दरवेळी इथूनच? एवढी गिरकी देऊन बॉल दरवेळी याच ध्रुवाभोवती फिरतो?"

मित्रांनो, काकांचा राग गेला नव्हता. पण त्यांच्या रागापेक्षा त्यांचं कुतूहल मोठं निघालं, आणि त्यासाठी मला हा माणूस फार आवडतो.

ते खिडकीत गेले. "पोर कुठाय?"

"लेनवर."

"तिला सांग, टाकत राहा म्हणावं. मी मागे उभा राहून बघतो. बोलणार काही नाही."

मी भिंतीला कान लावून होतो. घरघर, मग तो क्षण, मग धडाड्. पुन्हा. पुन्हा. शेवटी काकांचा आवाज आला: "मागचा पाय कुठे टाकतेस? नाही, चूक नाही काढत. मला कळत नाहीये म्हणून विचारतोय."

दोघं बरोबरच आत आले. काकांनी निळ्या बॉलवरची जुनी आखणी पुसली आणि नवी काढली, तिला समजावत. तिची गिरकी एवढी की बॉल लवकरच वळू पाहणार; म्हणून ठिपका अशा जागी, की बॉल लांबवर शांत जाईल आणि शेवटी, पण बेतानेच, वळेल. भिंगरी प्रश्नांवर प्रश्न विचारत होती आणि काका सांगताना रंगात आले होते. बोटांची दोन भोकं पडली. काकांनी सवयीने अंगठ्याचं ड्रिल लावलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काढून ठेवलं.

"वाईट वाटतं, बाबा?"

"वाटतं थोडं," काका म्हणाले. "तुझ्या अंगठ्याचं माप माझ्याइतकं कोणाला माहीत नाही गं. आता ते काही कामाचं नाही."

भिंगरीने तो अंगठा त्यांच्या तळहातावर ठेवला. काकांनी मूठ मिटली आणि बराच वेळ सोडली नाही.

निवडीच्या दिवशी काका लेनकडे फिरकलेसुद्धा नाहीत. आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलींना टोक काढत बसले. पलीकडे सुरुवातीला दोनदा बॉल कडेच्या पन्हळीत पडल्याचा आवाज आला आणि काकांचं टोक मोडलं. मग हळूहळू घरघर जमून आली. शेवटी आत्या खिडकीतून अर्धी आत आली आणि ओरडली, "दादा, घेतली! पोरीला घेतली!" काका उठले, बसले, पुन्हा उठले आणि चष्मा पुसू लागले.

भिंगरी धापा टाकत आली, निळा बॉल काकांसमोर ठेवला आणि मैत्रिणींकडे पळाली. बॉल तेलाने भरलेला होता. काकांनी फडकं उचललं, पण हात मध्येच थांबला. त्यांनी बॉल खिडकीच्या उजेडात धरला. बसड्रायव्हर मापाला आला होता, तो मान पुढे काढून बघू लागला.

"काय रेघा आहेत! कोणाचा हो हा हात?"

"माझ्या पोरीचा," काका म्हणाले. "माझ्यासारखा नाही."

ते इतक्या अभिमानाने म्हणाले की बसड्रायव्हरने मान डोलवली, आणि या वेळी मनापासून.

मित्रांनो, आम्हा बॉलांची काळजी घ्या. उन्हात गाडीत ठेवू नका, आम्हाला तडे जातात. खेळून झाल्यावर अंगावरचं तेल पुसा, नाहीतर ते आत मुरतं. पण पुसण्याआधी एकदा उजेडात धरून नीट बघा, आणि जवळच्या माणसाला दाखवा.